बंद करू नकोस, आलेच!

आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक माझी. किल्ली फिरवली की ती सुरू होते आणि उलटी फिरवली की बंद होते, त्यामुळे तिच्याविषयी कधी कुणी काही विचारत नाही. दुसरी नवऱ्याची. सुरू तीही होते. फक्त ती बंद करायची नसते.

म्हणजे सकाळी इंजिन गार असताना ती एका हाकेला ओ देते. पण पंधरा-वीस मैल चालवून, इंजिन चांगलं तापल्यावर एकदा का बंद केली, की पुढचा तास-दीड तास स्टार्टर नुसता घुर्र-घुर्र करतो आणि आत काही पेटत नाही. आम्ही राहतो टेक्ससमध्ये, डॅलसच्या शेजारच्या एका उपनगरात. इथे ऑगस्टात पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावात गरम झाल्यावर रुसणारी गाडी घ्यायची कल्पना कुणाची, हे मी सांगत नाही. ज्याची आहे तो हा लेख वाचणार आहे.

गाडी कुठल्या कंपनीची तेही सांगणार नाही. माझ्या आजीने जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही. मी नवऱ्याला दिवसातून दहा वेळा नावाने हाक मारते, पण त्याच्या गाडीचं नाव लेखात घ्यायची मला सक्त मनाई आहे. "वीस वर्षं जुनी गाडी आहे, आपण तिचं तिसरं बिऱ्हाड. तिच्या म्हातारपणावरून घराण्याला नावं ठेवायची नाहीत," असं त्याचं म्हणणं. तेव्हा एवढंच सांगते की गाडी जपानी आहे, लाल आहे आणि तिच्या पोटात पिस्टन नाहीत. रोटरी इंजिन आहे.

रोटरी म्हणजे काय, हे आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला माहीत आहे. जेवण झाल्यावर नवरा बशीतला उरलेला समोसा उचलतो, तो लोण्याच्या लांबट डबीत उभा करतो आणि फिरवायला लागतो. "हा त्रिकोण फिरतो. याची तिन्ही टोकं भिंतीला सतत टेकलेली. त्यामुळे तीन कप्पे तयार होतात. एका कप्प्यात पेट्रोल आणि हवा आत येतेय, दुसऱ्यात ती दाबली जातेय, पेटतेय, तिसऱ्यातून धूर बाहेर चाललाय. सगळं एकाच वेळी! वर-खाली काही नाही, झडपा नाहीत, खडखडाट नाही!" एवढ्यात समोशाचं एक टोक मोडून बटाटा बाहेर येतो. तो म्हणतो, "आणि हाच काय तो प्रॉब्लेम."

ते खरंही आहे. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला धातूची एक बारीक पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. ती झिजली की एका कप्प्यातला दाब दुसऱ्या कप्प्यात निसटतो. इंजिन गार असताना तेल दाट असतं, ते फटी बुजवतं आणि गाडीचं भागून जातं. तापल्यावर तेल पातळ होतं. त्यात गरम झालेला स्टार्टर दमून हळू फिरतो. जेवढा हळू फिरणार, तेवढा दाब कमी भरणार. पेट्रोल येतं, ठिणगी पडते, पण दाबच नसल्यामुळे कार्य सिद्धीस जात नाही. वर किल्ली फिरवत राहिलं की प्लग पेट्रोलने भिजतात. मग तर मुहूर्त दुसऱ्या दिवशीचाच.

या इंजिनाचे जनक फेलिक्स वांकेल नावाचे जर्मन गृहस्थ. 1929 मध्ये त्यांनी पहिलं पेटंट घेतलं आणि 1957 मध्ये एनएसयू कंपनीत त्यांचं इंजिन पहिल्यांदा फिरलं. नवरा त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतो. मला त्यांची एकच गोष्ट मनापासून आवडते. नजर फार अधू असल्यामुळे त्यांनी आयुष्यात कधी ड्रायव्हिंग लायसन्स काढलं नाही. स्वतःचं इंजिन असलेली गाडी दारात होती, पण चालवायला ड्रायव्हर. म्हणजे भर उन्हात बॉनेट उघडून उभं राहायची पाळी ज्याच्यावर येणार नव्हती, त्याने हे इंजिन शोधून काढलं.

एनएसयूने 1967 साली या इंजिनाची आरओ 80 ही मोठी देखणी गाडी काढली. 1968 ची 'कार ऑफ द इयर' ठरली. मग सील झिजू लागली आणि कंपनी इंजिनं बदलून देऊ लागली. असं सांगतात की रस्त्यात दोन आरओ 80 समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना हात हलवत नसत, बोटं दाखवत. जेवढी इंजिनं बदलली तेवढी बोटं. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो हेवा. निदान त्यांना रस्त्यात समदुःखी तरी भेटत होते.

तिकडे हिरोशिमाच्या इंजिनिअरांनी हे काम आधीच अंगावर घेतलं होतं. केनिची यामामोटो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस जण. टोकांच्या पट्ट्या थरथरून इंजिनाच्या भिंतीवर ओरखडे पाडायच्या. त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. वर्षानुवर्षं खपून त्यांनी त्या घालवल्या आणि 1991 मध्ये चार रोटरांच्या गाडीने 'ल मां'ची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ही कथा सांगताना नवऱ्याचे डोळे पाणावतात. शेवट मात्र तो गाळतो, म्हणून मी सांगते. शेवटचा टप्पा चालवणारा जॉनी हर्बर्ट गाडी थांबवून उतरला आणि अंगातलं पाणी संपल्यामुळे तिथेच कोसळला. बक्षीस समारंभाला त्याला जाता आलं नाही. एकंदरीत तापल्यावर थांबलं की पुन्हा उठायचं नाही, ही प्रथा तेव्हापासूनची असावी.

तर, बंद करायची नाही. या एका नियमावर आमच्या संसाराची घडी बसली आहे. नवऱ्याच्या गाडीतून किराणा आणायला गेलो की तो इंजिन चालू ठेवून बसतो आणि मी "बंद करू नकोस, आलेच!" म्हणून पळत आत जाते. इंडियन ग्रोसरीवाल्याला वाटतं, मी दरोडा घालायला आले आहे. बाहेर लाल गाडी घुरघुरतेय, चालक नजर न हलवता बसलाय, आणि एक बाई धापा टाकत कोथिंबिरीच्या दोन जुड्या काउंटरवर आपटतेय. दातांच्या डॉक्टरकडे, बँकेत, मुलीच्या शाळेत, सगळीकडे हेच. मुलीच्या शिक्षिकेने एकदा फार हळुवारपणे विचारलं, "तिचे बाबा... भेटायला येऊ शकत नाहीत का?" म्हटलं, "येऊ शकतात. परत जाऊ शकत नाहीत."

दुसरा उपाय उताराचा. गिअरची गाडी आहे, उतारावर सोडून क्लच सोडला की धक्क्याने सुरू होते. पण डॅलस परातीत थापल्यासारखं सपाट. तरी नवऱ्याने पाच मैलांच्या परिसरातला एकूण एक उतार हेरून ठेवला आहे. हॉटेल निवडताना तो जेवण कसं आहे हे बघत नाही, पार्किंग कुठल्या बाजूला कलतंय ते बघतो. मॉलमध्ये तळमजल्यावर दाराशी जागा मोकळी असली तरी आम्ही बहुमजली पार्किंगच्या गच्चीवर जाऊन थांबतो, कारण तिथून खाली येताना चार उतार मिळतात.

मग दुरुस्ती का करत नाही, असं तुम्ही विचाराल. करतो की! सतत करतो. आधी बॅटरी बदलली. गाडी दोन दिवस चालली. मग प्लग बदलले. इथे एका रोटरला दोन प्रमाणे चार असतात. पुन्हा दोन दिवस. मग चार कॉइल, त्यांच्या वायरी, मग मोठ्या ताकदीचा स्टार्टर. प्रत्येक खोकं दारात आलं की नवरा म्हणतो, "हाच होता बघ प्रॉब्लेम." आता त्या गाडीत मूळचा असा एक हॉर्न आणि एक नवराच उरला आहे.

मधल्या काळात एक सेन्सर साफ झाला. साफ केल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला जुनं सगळं विसरायला लावायचं असतं. त्याची रीत अशी: किल्ली 'ऑन'वर आणायची, इंजिन सुरू करायचं नाही, आणि आठ सेकंदांच्या आत ब्रेक वीस वेळा दाबायचा. जमलं तर तेलाच्या दाबाचा काटा एकदा डोलतो. हा विनोद नाही, खरोखरची पद्धत आहे. नवऱ्याचा गुडघा दुखत होता म्हणून हे काम माझ्याकडे आलं. हळदीकुंकवाला निघालेली, नऊवारी नेसलेली मी, लायब्ररीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग घट्ट धरून पाय आपटतेय आणि खिडकीशी वाकून नवरा ओरडतोय, "सतरा, अठरा, लवकर, लवकर!" एक भले आजोबा थांबले. "मॅम, सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "हो, ती विसरतेय." ते म्हणाले, "माझ्या बायकोचंही तसंच सुरू आहे," आणि फार मायेने मान हलवून निघून गेले. काटा डोलला नाही. मला पुन्हा वीस मोजावे लागले.

सासूबाई साताऱ्याहून आल्या तेव्हा आणखी एक खुलासा करावा लागला. दर वेळी पेट्रोल भरताना मुलगा बॉनेट उघडून इंजिनात तेल ओततो, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"गाडी तेल पितेय रे. बिघडलीय."

"नाही गं आई. हिने प्यायलाच पाहिजे. मुद्दामच तसं बनवलंय, त्या पट्ट्यांना तेल मिळावं म्हणून. पिणं थांबलं तर समज बिघडली."

आई गप्प बसल्या. मग त्याने मागच्या बाजूला जाऊन पेट्रोलच्या टाकीतही मापाने तेल ओतलं, टू-स्ट्रोकचं. शौकीन लोक तसं करतात म्हणे, पट्ट्यांना तेवढाच जास्तीचा आधार. आईंनी ती बाटली हातात घेतली, वास घेतला, पुन्हा त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या लुनात हेच घालायचे. एवढं अमेरिकेला येऊन शेवटी लुनाच घेतलीस."

त्या दिवशी तो जेवला नाही.

काजळी हा एक वेगळाच अध्याय. इंजिनात काजळी धरू नये म्हणून रोज एकदा तरी गाडी मिनिटाला 9000 फेऱ्यांपर्यंत ताणावी, असा या पंथाचा नित्यनेम आहे. त्यामुळे आमच्याकडे दूध आणायलाही शर्यतीच्या आवाजात जातात. तेवढ्याने भागेना, तेव्हा एका रविवारी नवऱ्याने एक नळी काढून इंजिनाला काजळी काढायचं औषध पाजलं. दहा मिनिटं काही झालं नाही. मग गाडीच्या मागून पांढऱ्याशुभ्र धुराचा असा काही लोट निघाला की समोरचं घर दिसेनासं झालं, नंतर आमचंही. शेजारचा टेक्सन म्हातारा आग विझवायचं नळकांडं घेऊन धुरातून वाट काढत आला. परिस्थिती कळल्यावर नळकांडं खाली ठेवून त्याने विचारलं, "यानंतर ती सुरू होईल?" नवरा म्हणाला, "आत्ता सुरूच आहे." म्हातारा म्हणाला, "मग बंद करू नकोस." दोघांची तेव्हापासून चांगली मैत्री आहे.

पण गाडीचा खरा कस लागला तो मंडळाच्या गणपतीत. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, चारशे मोदक आमच्या डिकीत, आणि नवऱ्याने सवयीने... नाही, सवय मोडून, कुणीतरी "दोन मिनिटं पाटाला हात लावा" म्हणालं म्हणून हॉलच्या ऐन दारात गाडी बंद केली. मूर्ती आत गेली. गाडी तिथेच. मागे ढोलपथकाचा टेम्पो अडकलेला. बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत सोवळं नेसलेल्या पुरुषांचं कोंडाळं जमलं. बॉनेट उघडलेली गाडी दिसली की मराठी माणसाचे दोन्ही हात आपोआप कमरेच्या मागे जातात.

"वहिनी, पेट्रोल आहे ना?" पहिला प्रश्न मलाच.

नागपूरचे एक काका म्हणाले, "आमच्या बाबांची अँबेसेडर घाटात अशीच करायची. पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाका." नवऱ्याने सांगितलं की या गाडीचा पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो. काका म्हणाले, "तरी टाका."

कोल्हापूरचे एक भावोजी म्हणाले, "चेतक कशी आडवी करायचो आपण? तशी जरा कलती करता आली असती तर..." आणि चौघे जण खरोखरच एका बाजूने वाकले. तेवढ्यात अध्यक्ष ओरडले, "मोदक आहेत आत!"

एका तरुण मुलाने इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा सल्ला दिला. त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की तो पाणी आणायला निघून गेला. चौथ्याने गॅलनला किती मैल देते ते विचारलं. नवऱ्याने आकडा सांगितल्यावर मिनिटभर कुणीच बोललं नाही. पाचव्याने किल्ली मागितली, "मी बघतो, माझ्या हाताला सुरू होते," आणि पेट्रोलच्या वासाने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत घुर्र-घुर्र केलं. नवऱ्याने मग एक्सिलरेटर तळापर्यंत दाबून किल्ली फिरवायला सांगितलं. तसं केलं की पेट्रोल तुटतं आणि भिजलेलं इंजिन कोरडं होतं. हे त्या दुपारचं एकमेव शास्त्रशुद्ध वाक्य होतं आणि त्याला कुणी दाद दिली नाही.

आत आरती झाली. प्रसाद वाटून झाला. मोदक हातोहात आत गेले. कोंडाळं बाहेरच. कुणीतरी भजी आणून दिली. शेवटी नागपूरच्या काकांनी स्वतःचं उपरणं कूलरच्या पाण्यात भिजवलं, इंजिनावरच्या प्लास्टिकच्या झाकणावर नीट चौघडी करून ठेवलं, हात जोडले आणि म्हणाले, "मारा आता."

गाडी सुरू झाली. एका झटक्यात.

टाळ्या पडल्या. "मोरया!" झालं. उपरण्याखाली प्लास्टिक, त्याखाली हवा, आणि तिथे कुठलाही पंप नाही, हे सांगणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. वस्तुस्थिती इतकीच होती की बॉनेट उघडं टाकून सल्ले द्यायला दीड तास लागला होता आणि तेवढ्यात इंजिन गार झालं होतं. आता वर्षभर कुणाचीही गाडी, लॅपटॉप किंवा लग्न अडलं की मंडळात ओल्या फडक्याचं नाव निघतं. चेतकवाल्या भावोजींचं म्हणणं असं की, वाकल्यामुळे आधीच थोडं काम झालं होतं.

या सगळ्यात एक साधी गोष्ट राहून गेली होती. अशा इंजिनाची नाडी बघायची एकच खरी तपासणी आहे, कॉम्प्रेशनची. ती इंजिन गरम असतानाच करतात आणि त्याला रोटरीचं वेगळं यंत्र लागतं. एका रोटरला तीन बाजू. साधं मीटर लावलं तर तिघींतल्या सगळ्यात जोरकस बाजूचाच आकडा दिसतो, बाकी दोघींचं रडगाणं कळतच नाही. (मंडळाच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मी लिहिते, त्यामुळे ही अडचण मला लगेच समजली.) आमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय: फेऱ्या मिनिटाला 250, दाब 830 किलोपास्कल असावा, 680 च्या खाली गेला तर इंजिन उघडावं. तपासणीला खर्च किती? एका कॉइलपेक्षा कमी.

"मग करून का नाही घेत?"

"अगं, आज सुरू झाली ना ती. मग कशाला?"

आणि ज्या दिवशी सुरू होत नाही, त्या दिवशी नेणार कशी? सुरू होत असली की गरज नाही, होत नसली की सोय नाही, अशा बेमालूम बंदोबस्तात ती तपासणी वर्षानुवर्षं टळत आली. शेवटी मी त्याच्या वाढदिवसाला तिची अपॉइंटमेंट भेट दिली. त्याने लिफाफा उघडला, "किती विचार करतेस गं माझा," म्हणाला, आणि केक न कापता बाहेर फेऱ्या मारायला गेला.

रोटरीचं काम करणारा मेकॅनिक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पोचलो तेव्हा नवऱ्याने सवयीने विचारलं, "बंद करू?" मेकॅनिक म्हणाला, "करा की, त्यासाठीच आलात." वीसेक मिनिटांनी त्याने सहा आकड्यांचा कागद हातात दिला. पुढच्या रोटरचे तिन्ही 700 च्या वर. मागच्याचा एक 690, दोन 600 च्याही खाली. मेकॅनिकने इंजिन उघडून नवी सील घालायचा खर्च सांगितला. आम्ही गाडी घेतली होती त्यापेक्षा तो जास्त होता. नवऱ्याने कागद दोनदा वाचला, मोबाईल काढून काहीतरी गुणाकार-भागाकार केले आणि म्हणाला, "पण सरासरी तशी बरी आहे." परत निघायला आम्हाला संध्याकाळ झाली. गाडी गार व्हायला हवी होती.

तर गाडी विकायला काढली आहे. रोटरीची जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्यांनी, कुणाचीही असो, सकाळी बघायला जाऊ नये. मालकाला अर्धा तास हायवेवर चालवायला लावावी, बंद करायला लावावी, त्याच्या घरी चहा घेऊन दहा मिनिटं गावाकडच्या गप्पा माराव्यात आणि मग किल्ली स्वतः फिरवावी. कॉम्प्रेशनचे सहाच्या सहा आकडे कागदावर मागावेत. सरासरी सांगितली तर चहा तसाच ठेवून निघावं.

आमची बघायची असेल तर मात्र सकाळीच या. आणि निघण्याआधी फोन करा.